शैवालाला वायू पुरवण्याआधी त्याचे पटल पाहावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यांच्या धुराड्यांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हरित शैवालाच्या टाक्यांमध्ये सोडून शोषून घेण्याच्या कल्पनेवर आपल्या दैनिकाच्या विज्ञानविषयक पानावर अलीकडे जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी लक्षपूर्वक वाचला. लेखाची भाषा सुबोध होती, आकृत्या नेटक्या होत्या आणि लेखकाचा हेतूही चांगला होता, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र प्रकाश, पाणी आणि वायू मिळाला की शैवाल वाढते आणि वायू जितका अधिक तितकी वाढ अधिक, हे जे गणित लेखात सुरुवातीपासून शेवटपर्यंत गृहीत धरलेले आहे, त्यात शैवालाची पेशी जवळजवळ हजरच नाही. या पेशीचा मोठा खटाटोप आपल्या निरनिराळ्या कप्प्यांतील सामू, म्हणजेच पीएच, ठरलेल्या मर्यादेत राखण्यासाठी चाललेला असतो, आणि तो राखणारी प्रथिने तिच्या पटलांमध्ये, म्हणजे पेशीला आणि तिच्या कप्प्यांना वेढणाऱ्या पातळ आवरणांमध्ये, रुतलेली असतात. कार्बन डायऑक्साइड हा त्या पेशीचा आहार तर आहेच, परंतु तोच तिच्या सामूवर पडणारा भारही आहे, ही गोष्ट लेखात यायला हवी होती.

प्रयोगशाळांमध्ये सर्वाधिक अभ्यासले गेलेले हरित शैवाल म्हणजे क्लॅमिडोमोनास. एकच पेशी, सुमारे दहा मायक्रोमीटर व्यासाची, पुढे पोहण्यासाठी चाबकासारख्या दोन कशाभिका, एक नारिंगी नेत्रबिंदू आणि पेशीचा बराच भाग व्यापणारे पेल्याच्या आकाराचे हरितलवक. एवढ्याशा पेशीचा सामू किती, असा प्रश्न विचारला तर त्याला एक उत्तर नाही. पेशीद्रवाचा सामू साधारण ७.२ ते ७.५ असतो. हरितलवकाच्या आतील द्रवाचा सामू अंधारात ७ च्या आसपास असतो आणि प्रकाश पडताच तो ८ पर्यंत चढतो. त्याच द्रवात बुडालेल्या थायलाकॉइड नावाच्या चपट्या पिशव्यांच्या पोकळीत मात्र प्रकाशात तो ६ च्या आसपास उतरतो. याशिवाय कॅल्शियम आणि पॉलिफॉस्फेट साठवणाऱ्या आम्लीय पुटिका आहेतच. सामूच्या मापनात एका अंकाचा फरक म्हणजे प्रोटॉनांच्या, म्हणजे हायड्रोजन आयनांच्या, संहतीत दहा पट फरक. तेव्हा काही नॅनोमीटर जाडीच्या एका पटलाच्या दोन बाजूंना शंभर पटींचा फरक ही पेशी दिवसभर टिकवून धरते.

यातील खरी गंमत आकडेमोड केल्यावर कळते. दहा मायक्रोमीटर व्यासाचा गोल पूर्णपणे ७ सामूच्या पाण्याने भरलेला आहे असे मानले, तर त्यात मोकळे प्रोटॉन जेमतेम तीस हजार भरतात. प्रकाशात थायलाकॉइडच्या पटलातून एका सेकंदात आरपार होणाऱ्या प्रोटॉनांची संख्या याच्या कित्येक पट मोठी असते. मोकळ्या प्रोटॉनांची शिल्लक इतकी तुटपुंजी आणि उलाढाल इतकी प्रचंड असताना पेशीद्रवाचा सामू जागचा हलत नाही. याचे श्रेय काही अंशी प्रोटॉन तात्पुरते धरून ठेवणाऱ्या फॉस्फेटला आणि प्रथिनांना आहे, परंतु त्यांची धारणशक्ती मर्यादित असते आणि ती संपली की उरते ती पटलावरची आवकजावक. पटल ज्याचे बनलेले असते त्या मेदाच्या दुहेरी थरातून प्रोटॉन सहजासहजी जाऊ शकत नाही. त्याला वाट लागते आणि ती वाट प्रथिनाची असते.

या वाटा अनेक प्रकारच्या आहेत. पेशीच्या बाह्य पटलावर एटीपी, म्हणजे पेशीचा ऊर्जावाहक रेणू, खर्चून प्रोटॉन बाहेर फेकणारा पंप असतो. तो एका एटीपीमागे एक प्रोटॉन बाहेर काढतो आणि असे करताना पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत शंभराहून अधिक मिलिव्होल्टने ऋण करून ठेवतो. हा ऋण विभव, म्हणजे विद्युत्दाबाचा फरक, हीच मग पेशीची क्रयशक्ती ठरते, कारण नायट्रेटसारखे पोषक आयन परतणाऱ्या प्रोटॉनांबरोबर आत ओढून घेता येतात. आम्लीय पुटिकांच्या पटलावर दोन वेगळे पंप असतात. त्यांपैकी एक एटीपीवर चालतो आणि दुसरा पायरोफॉस्फेटवर, म्हणजे पेशीच्या जैवसंश्लेषणात उपउत्पादन म्हणून तयार होणाऱ्या रेणूवर. टाकाऊतून एवढे काम करून घेणाऱ्या या दुसऱ्या पंपाचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. आणि हरितलवकात नेमके उलटे यंत्र असते. तेथे प्रोटॉन उतारावरून परत येतात आणि एटीपी तयार होते.

या उलट्या यंत्रामागची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली, तेव्हा ती बहुतेकांना पटली नव्हती. पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनांचा फरक हाच ऊर्जेचा साठा आहे, त्यासाठी कोणताही गूढ मध्यस्थ रेणू शोधण्याची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९६६ मध्ये आंद्रे यागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या पानांतून वेगळे केलेले थायलाकॉइड आधी ४ सामूच्या आम्लात भिजवले, आतली पोकळी आम्लीय होऊ दिली आणि नंतर अंधारातच ते ८ सामूच्या द्रावणात टाकले. प्रकाशाचा किरणही नसताना एटीपी तयार झाले. मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एटीपी बनवणाऱ्या प्रथिनाची फिरती यंत्रणा उलगडल्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ मध्ये त्याच पुरस्काराचा वाटा मिळाला. पालकाच्या हरितलवकातील या यंत्राचे चक्र १४ घटकांचे आहे, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात १४ प्रोटॉन खर्ची पडून तीन एटीपी तयार होतात. आपल्या तंतुकणिकांमधील चक्र आठच घटकांचे असते. वनस्पतींना प्रत्येक एटीपीसाठी अधिक प्रोटॉन मोजावे लागतात, पण त्या बदल्यात कमी फरकावरही त्यांचे चक्र फिरू शकते. हा सौदा पेशीने पटलावर, आणि तोही सामूच्या चलनात, केलेला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बाहेरच्या पाण्याचा सामू कमी होणे आणि पेशीच्या आतला सामू कमी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हे ज्याला डोळ्यांनी पाहायचे असेल त्याने क्लॅमिडोमोनासवर महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही करता येणारा एक जुना प्रयोग करावा. पोहणाऱ्या पेशींच्या द्रावणात ॲसिटिक आम्लाचे थेंब टाकून सामू ७ वरून ४.५ च्या आसपास आणायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. काही सेकंदांत सगळी धावपळ थांबते. पेशी जागच्या जागी लुळ्या पडलेल्या दिसतात आणि त्यांच्या आजूबाजूला बुंध्यापासून तुटलेल्या कशाभिका बारीक केसांच्या तुकड्यांसारख्या तरंगत असतात. साधारण मिनिटभराने पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सामू पूर्ववत केला तर पेशी मरत नाहीत. दीड-दोन तासांत नव्या कशाभिका पूर्ण लांबीच्या वाढतात आणि पेशी पुन्हा पोहू लागतात. परंतु हाच सामू हायड्रोक्लोरिक आम्लाने आणला तर हा परिणाम दिसत नाही. बाहेरचा आकडा तोच, आम्ल अधिक तीव्र, आणि तरी कशाभिका शाबूत!

कारण पटलात आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पूर्णपणे आयनरूप होते आणि त्याचे प्रोटॉन पटलाबाहेर अडून राहतात. ॲसिटिक आम्ल सौम्य असल्यामुळे ४.५ सामूला त्याचे निम्म्याहून अधिक रेणू प्रोटॉनसकट अखंड आणि प्रभाररहित असतात. ते मेदाच्या थरातून कोणत्याही प्रथिनाची परवानगी न घेता आत शिरतात आणि आतल्या ७ च्या वर असलेल्या सामूला पोहोचताच आपला प्रोटॉन तेथे सोडतात. पेशीद्रव आम्लीय होतो, कॅल्शियमची वाट उघडते, कॅल्शियम आत येते आणि कशाभिका बुंध्याशी कापली जाते. ही वाट म्हणजे बाह्य पटलावरचे टीआरपी या आयनांना वाट देणाऱ्या प्रथिनांच्या कुळातील एक प्रथिन आहे, हे २०१६ मध्ये निश्चित झाले. त्याच्या जनुकात दोष असलेल्या पेशी आम्लातही कशाभिका टाकत नाहीत.

कार्बन डायऑक्साइड याच जातीचा पाहुणा आहे, ही गोष्ट लेखात यायला हवी होती असे मी म्हणतो ते याचसाठी. तो लहान आणि प्रभाररहित रेणू आहे, पटलातून सहज पार होतो आणि आत ७ किंवा ८ सामूच्या द्रवात पोहोचला की बायकार्बोनेट होताना एक प्रोटॉन मागे सोडतो. हवेतील ०.०४ टक्के एवढ्या प्रमाणात ही कटकट किरकोळ असते, कारण प्रकाशसंश्लेषण तो रेणू लगेच वापरून टाकते. कोळशावर चालणाऱ्या भट्टीच्या धुरात मात्र तो दहा ते पंधरा टक्के असतो. म्हणजे हवेच्या तुलनेत शेकडो पटींनी अधिक. इतका वायू आत शिरला की पेशीद्रव आणि हरितलवकाचा द्रव दोन्ही आम्लीय होऊ लागतात, आणि ज्या विकरांनी कार्बन स्थिर करायचा ती विकरे नेमकी ८ सामूच्या आसपास उत्तम चालणारी असल्यामुळे त्यांचीच गती मंदावते. प्रोटॉन बाहेर काढण्यासाठी पंपांना एटीपी लागते, आणि ते साखर बनवण्याच्या वाट्यातूनच द्यावे लागते. धुरात सल्फर डायऑक्साइड असेल तर तो पाण्याचा सामू आणखी खाली ओढतो, ते वेगळेच.

काही जाती हा ताण सहन करतात, हेही सांगायला हवे. क्लोरोकॉकम लिटोराले हे समुद्री हरित शैवाल ४० टक्के कार्बन डायऑक्साइडमध्येही वाढू शकते, आणि धुराच्या योजनांमध्ये त्याचे नाव वारंवार येते ते त्यामुळेच. परंतु सहन करणे म्हणजे त्यापासून लाभ होणे नव्हे; एवढ्या वायूत जगण्यासाठी आतला सामू सावरण्याचा खर्च त्यालाही चुकत नाही.

याउलट कमी कार्बन डायऑक्साइडमध्ये शैवाल काय करते, ते पाहिले तर पटलातील प्रथिनांची खरी करामत दिसते. पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश विसरण पावतो, आणि ८ सामूच्या पाण्यात विरघळलेल्या अकार्बनी कार्बनापैकी जवळजवळ सगळा बायकार्बोनेटच्या रूपात असतो. बायकार्बोनेट प्रभारित असल्यामुळे पटल ओलांडू शकत नाही. म्हणून क्लॅमिडोमोनास वाटेतल्या पटलांवर त्याच्यासाठी एकामागून एक दारे उघडते. बाह्य पटलावर एचएलए३ नावाचे प्रथिन असते, हरितलवकाच्या आवरणावर एलसीआयए असते, आणि थायलाकॉइडच्या पटलावर बेस्ट्रोफिन कुळातील प्रथिने असतात, ज्यांची भूमिका २०१९ मध्ये समोर आली. शेवटच्या दारातून बायकार्बोनेट थायलाकॉइडच्या आम्लीय पोकळीत उतरते. तेथे प्रोटॉन मुबलक आहेत आणि कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर हजर आहे. बायकार्बोनेट आणि प्रोटॉन एकत्र येऊन पुन्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे घडते कोठे, तर पायरेनॉइड नावाच्या गोळ्यात शिरलेल्या थायलाकॉइडच्या नळ्यांमध्ये, आणि त्या नळ्यांभोवती रुबिस्को हे कार्बन स्थिर करणारे विकर दाटीवाटीने भरलेले असते. वायू बाहेर पडतो तो थेट त्याच्या पुढ्यात.

या मांडणीत थायलाकॉइडपाशी पंपाचे स्वतंत्र यंत्र दिसत नाही, याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. बायकार्बोनेटला कार्बन डायऑक्साइड बनवून साठवण्यासाठी लागणारी शक्ती म्हणजे थायलाकॉइडच्या दोन बाजूंमधला सामूचा फरकच होय. तो फरक नाहीसा करणारे रसायन घातले, तर ही सर्व दारे जागच्या जागी असूनही साठवण थांबते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की, या कामासाठी पोकळी पुरेशी आम्लीय राखायला प्रकाशसंश्लेषणातील इलेक्ट्रॉनांचे नेहमीचे सरळ वहन अपुरे पडते आणि शैवाल त्यासाठी वहनाचे दोन पर्यायी मार्ग राबवते. ते दोन्ही बंद असलेल्या उत्परिवर्तित पेशींची साठवण कोलमडते. जगातील एकूण कार्बन स्थिरीकरणापैकी सुमारे ३० टक्के पायरेनॉइडमध्ये होते, असा अंदाज आहे. त्यामुळे ही एखाद्या डबक्यातल्या जीवाची किरकोळ युक्ती नव्हे.

आता गंमत अशी की, हवेतील वायूचे प्रमाण दोन ते पाच टक्क्यांवर नेले की क्लॅमिडोमोनास ही सारी यंत्रणा गुंडाळून ठेवते. एचएलए३ आणि एलसीआयए यांची निर्मिती जवळपास बंद पडते. म्हणजे ज्या कार्बन साठवण्याच्या कौशल्याचे गोडवे आपल्या लेखात गायलेले आहेत, ते कौशल्य धुराच्या टाकीत वापरलेच जात नाही! तेथे पेशीपुढचा प्रश्न कार्बन मिळवण्याचा नसतो. आलेल्या कार्बनाबरोबरचे प्रोटॉन वागवण्याचा असतो.

थायलाकॉइडच्या पोकळीतील आम्लता आणखी एका कामाला येते. दुपारच्या प्रखर उन्हात हरितद्रव्याने शोषलेली सारी ऊर्जा वापरली जात नाही आणि उरलेली ऊर्जा पेशीला घातक ठरू शकते. अशा वेळी पोकळीतला सामू अधिकच खाली जातो. हा बदल क्लॅमिडोमोनासमध्ये एलएचसीएसआर३ हे पटलातील प्रथिन ओळखते. पोकळीकडे डोकावणाऱ्या त्याच्या आम्लधर्मी घटकांवर प्रोटॉन बसले की ते जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देण्याच्या अवस्थेत जाते. हे प्रथिन नसलेल्या पेशींना तीव्र प्रकाशात इजा होते, हे २००९ मध्ये दाखवले गेले. हे प्रथिन केवळ प्रखर प्रकाशाने वाढत नाही, तर कार्बन डायऑक्साइडच्या टंचाईनेही वाढते आणि भरपूर वायू दिला की कमी होते. उघड्यावरच्या टाकीत मुबलक वायू आणि कडक ऊन ही जोडी एकाच वेळी द्यायची ठरवली, तर पेशीची ढाल पातळ असतानाच तिच्यावर मारा होतो, ही शक्यता योजनाकारांनी तरी विचारात घ्यावी.

नायट्रोजनाची गोष्ट थोडक्यात सांगतो. शैवालाला तो अमोनियमच्या रूपात दिला तर अमोनियम वापरताना पेशी प्रोटॉन बाहेर टाकते आणि पाणी दिवसेंदिवस आम्लीय होत जाते. नायट्रेटच्या रूपात दिला तर प्रोटॉन आत घेतले जातात आणि पाणी अल्कधर्मी होते. दाट वाढलेल्या, स्थिर पाण्यात भर दुपारी सामू ९ किंवा १० वर जातो, कारण प्रकाशसंश्लेषण पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, आणि रात्री श्वसनामुळे तो पुन्हा खाली येतो. सामू ९.२५ च्या वर गेला की पाण्यातील अमोनियमपैकी निम्म्याहून अधिक भाग प्रभाररहित अमोनिया होतो. तोही ॲसिटिक आम्लाप्रमाणेच पटलातून विनापरवाना आत शिरतो, फक्त उलट्या दिशेचे नुकसान करतो, म्हणजे आत जाऊन प्रोटॉन पळवतो. खत कोणते, एवढ्या साध्या निवडीवर टाकीचे भवितव्य ठरते आणि त्याचा आपल्या लेखात उल्लेखही नाही.

पटल सामूचे काम कसे वाटून घेते, हे नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची सोय कारा या गोड्या पाण्यातील हरित शैवालात आहे. जमिनीवरील वनस्पतींच्या कुळाशी क्लॅमिडोमोनासपेक्षा अधिक जवळचे असलेले हे शैवाल, आणि त्याची एकेक पेशी काही सेंटिमीटर लांब असते. अशी एक पेशी फिनॉल रेड हा सामूनुसार रंग बदलणारा दर्शक घातलेल्या पातळ अगारमध्ये ठेवून तिच्यावर प्रकाश सोडला, तर थोड्या वेळाने तिच्या लांबीवर आळीपाळीने पिवळे आणि गुलाबी पट्टे उमटतात. पिवळ्या पट्ट्यात पटलावरील पंप प्रोटॉन बाहेर टाकत असतात. तेथे पृष्ठभागाचा सामू ६ च्या खाली जातो, बाहेरच्या बायकार्बोनेटचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते आणि तो वायू आत घेतला जातो. गुलाबी पट्ट्यात प्रोटॉन आत परततात, किंवा हायड्रॉक्साइड बाहेर पडतात असे म्हणा, बाहेरून मोजल्यास दोन्हींचा परिणाम एकच. तेथे सामू ९ च्या पुढे जातो आणि चुन्याचे कण साचतात. दिवा बंद केला की पट्टे विरतात. एकाच पेशीच्या एकाच पटलावर, एकमेकांपासून काही मिलिमीटर अंतरावर, सामूमध्ये तीन-चार अंकांचा फरक असतो आणि आतला पेशीद्रव मात्र एकसारखा वाहत असतो. सूक्ष्मदर्शकही न लागणारा हा प्रयोग अभ्यासक्रमात क्वचितच दिसतो.

दुसऱ्या टोकाला आम्लातच राहणारी शैवाले आहेत. ड्युनालिएला ॲसिडोफिला हे हरित शैवाल ० ते १ सामूच्या सल्फ्युरिक आम्लातही वाढते आणि तरी तिच्या पेशीद्रवाचा सामू ७ च्या आसपास असतो, म्हणजे पटलाच्या दोन बाजूंमध्ये प्रोटॉनांच्या संहतीत किमान दहा लाख पटींचा फरक. तिच्या बाह्य पटलावर प्रोटॉन पंप विपुल असतातच. पण केवळ पंपांवर विसंबणे म्हणजे भोके पडलेल्या होडीतून पाणी उपसत बसणे होय, म्हणून तिने भोकेही बुजवली आहेत. तिच्या पटलाचा विभव इतरांप्रमाणे आतून ऋण नसतो, तो धन असतो आणि पृष्ठभागही धनप्रभारित असतो, त्यामुळे बाहेरचे प्रोटॉन दूरच ढकलले जातात. क्लॅमिडोमोनासच्याच प्रजातीतील, जपानमधील खाणीच्या आम्लीय पाण्यात सापडलेल्या युस्टिग्मा या जातीचा जनुकसंच २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पंपाच्या जनुकाची अभिव्यक्ती वाढलेली आढळली आणि किण्वनातून सेंद्रिय आम्ले तयार करणारी काही जनुके चक्क गायब झालेली आढळली. आम्लात राहणाऱ्याने घरात आणखी आम्ल तयार करू नये, एवढा हिशेब उत्क्रांतीने केलेला दिसतो.

नेत्रबिंदूचा उल्लेख वर आला आहे म्हणून एक अवांतर टिपण देतो. त्या ठिकाणच्या पटलात चॅनलऱ्होडॉप्सिन नावाची प्रथिने असतात, जी प्रकाश पडताच उघडणाऱ्या वाटा आहेत. त्यांपैकी पहिले प्रथिन २००२ मध्ये ओळखले गेले ते प्रकाशाने उघडणारी प्रोटॉनांची वाट म्हणूनच. पुढे चेतापेशींमध्ये ही प्रथिने बसवून त्यांना प्रकाशाने चालवण्याचे तंत्र उभे राहिले, आणि हरित शैवालातील अशाच एका प्रथिनाच्या साहाय्याने दृष्टी गमावलेल्या एका रुग्णाला अंशतः पुन्हा दिसू लागल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हे संशोधन शैवाल कोणत्या दिशेने पोहते, या प्रश्नापासून सुरू झाले होते, हे नमूद करण्याचा मोह आवरत नाही.

प्रत्यक्षात चालणाऱ्या शैवालाच्या टाक्यांमध्ये वायू किती सोडायचा हे बहुधा सामूमापकच ठरवतो. प्रकाशसंश्लेषणाने पाण्याचा सामू नेमलेल्या अंकाच्या वर गेला की झडप उघडते, वायू आत येतो, सामू उतरला की झडप बंद होते. रात्री प्रकाशसंश्लेषण नसते, त्यामुळे तेव्हा सोडलेला वायू पाणी आम्लीय करतो आणि बुडबुड्यांवाटे पुन्हा हवेत जातो. धुराडे मात्र रात्रीही चालू असते. एक किलो कोरड्या शैवालात सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन सामावतो, हा आकडा बरोबर आहे आणि आपल्या लेखाचे सारे गणित त्याच्यावर उभे आहे. पण टाकीत सोडलेला वायू आणि शैवालात गेलेला कार्बन यांत जी तफावत पडते, तिचा खुलासा या आकड्यातून होत नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे की, यापुढे अशा एखाद्या प्रकल्पाची बातमी देताना किती टन वायू शोषला जाणार, या दाव्याच्या शेजारी आपल्या प्रतिनिधीने चार गोष्टी विचारून छापाव्यात. पाण्याचा सामू दुपारी किती असतो आणि पहाटे किती असतो. सोडल्या जाणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड किती टक्के आहे आणि त्यात सल्फर डायऑक्साइड आहे का. नायट्रोजन नायट्रेटच्या रूपात दिला जातो की अमोनियमच्या. आणि झडप रात्री बंद असते का. शैवाल सांभाळणाऱ्या कोणाही माणसाला ही उत्तरे नोंदवहीत पाहून लगेच देता येतात. ज्या प्रकल्पाकडे ती नसतील, त्याचा टनांचा आकडा छापण्याची घाई आपण करू नये.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक